काठाने चालणारी

“काकू, गॅलरीत होडी ठेवली तर चालेल का?” असं अपेक्षानं विचारलं तेव्हा मला वाटलं, शोभेची असेल. लोक कपाटात ठेवतात तसली. मी म्हटलं, ठेव की. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून माणसापेक्षा लांब असं पिवळंजर्द प्लास्टिकचं धूड उतरलं आणि आमच्या जिन्याच्या वळणावर अडकून बसलं. सोसायटीचे चेअरमन बनियनवरच बाहेर आले.

“हे काय आहे?”

“होडी.”

“बिबवेवाडीत?”

“पूर आला की तुम्हालाही घेऊ,” मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. नंतर आम्ही दोघींनी मिळून ती गॅलरीत उभी केली. त्या दिवसापासून माझी तुळस कोपऱ्यात गेली ती गेलीच.

अपेक्षा यवतमाळची. खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हा नोकरीला आली. कंपनीची बस आमच्या चौकात थांबायची म्हणून माझ्याकडे खोली घेतली. मी त्याआधी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले. मग घरोघर फोन आले, पाठोपाठ मोबाइल आले आणि आमच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यात स्वेच्छा कुणाची होती ते विचारू नका. तर एक रिकामी खोली आणि एक रिकामी बाई, अशा घरात ही मुलगी आली. आवाज हळू, पण बोलणं पक्कं. “नाही” म्हणायचं असलं की सरळ “नाही” म्हणायची, त्यापुढे कारणांची शेपटी लावायची नाही. मला ती पहिल्या आठवड्यातच आवडली. तिला अर्थातच तसं सांगितलं नाही.

होडीचा नाद तिला लावला सौमित्र खांबेटेनं. तो तिच्याच कंपनीत होता. पेठेतला, एकुलता एक, जिभेला सदैव धार. कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवलं होतं. तिथे तो डोंगरातले ओढे होडीतून उतरायला शिकला. परत येताना बाकीच्यांनी टीव्ही आणले, यानं तीन होड्या आणल्या. कयाक म्हणतात त्यांना. एकट्यानं बसायचं, पाय आत पसरायचे, कमरेला रबरी झगा ताणून होडीचं तोंड बंद करायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत खडकांमधून खाली यायचं. पावसाळ्यात वेल्ह्याच्या पलीकडे असे ओढे बक्कळ. सौमित्र, अपेक्षा आणि साई नावाचा त्यांच्याच टीममधला एक मुलगा, असे दर रविवारी पहाटे गाडीच्या टपावर होड्या बांधून निघायचे.

सौमित्रनं तिला नीट शिकवलं, हे मान्य करायलाच हवं. पाण्यात उलटे झालात तर वेगाच्या पाण्यात उभं राहायचं नाही, दगडांत पाय अडकतो आणि पाणी माणसाला वाकवून बुडवतं. उताणं व्हायचं, पाय पुढे. बंधाऱ्याच्या भिंतीवरून पाणी सरळ रेषेत पडत असेल तर दिसायला कितीही गोजिरं असो, खाली ते माघारी फिरत असतं आणि पकडलेलं सोडत नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पाण्यात पडलेलं झाड. “गाळणीतून चहा जातो, पत्ती अडकते,” असं तिनं मला स्वयंपाकघरात गाळणी हातात धरून समजावलं होतं. तरीही झाडावर गेलोच, तर अंग मागे घ्यायचं नाही. झाडालाच मिठी मारायची आणि वर चढायचं.

ती हे सगळं परीक्षेसारखं घोकायची. संध्याकाळी पार्किंगमध्ये दोराची पिशवी फेकायचा सराव करायची आणि मी समोर स्टुलावर बसून बुडणाऱ्याचं काम करायचे. चेअरमननी एकदा विचारलं, हे काय चाललंय. मी म्हटलं, “बुडते आहे, दिसत नाही का?”

अपेक्षाची खासियत मात्र वेगळीच होती. ती चालायची. ओढ्यात अवघड जागा आली की तिघंही काठावर उतरून आधी पाहणी करायचे. तिला एवढंसं जरी खटकलं तरी ती होडी खांद्यावर घ्यायची, काठानं चिखल तुडवत खाली जायची आणि पुढे शांत पाण्यात पुन्हा बसायची. यात काही लाज नाही, हाही नियम सौमित्रनंच अमेरिकेहून आणला होता: ज्याला चालावंसं वाटेल त्यानं चालावं, का म्हणून कुणी विचारायचं नाही.

विचारत कुणी नव्हतं, पण पुण्यात न विचारताही पुष्कळ बोलता येतं. तिनं होडी खांद्यावर घेतली की सौमित्र ओरडायचा, “वरात निघाली! अक्षता आहेत का कुणाकडे?” साई हसायचा, तीही हसायची. पावसाळा संपला तेव्हा सौमित्रनं कळस केला. सिंहगडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरीचा बेत होता. तिथे त्यानं तिचा रीतसर सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र तर काय विचारता! “आपण पाण्याचा मोह टाळून नदीकाठच्या शेतांच्या बांधांची जी पायी पाहणी केलीत, तिच्यामुळे या तालुक्याचा भूगोल आपला ऋणी राहील.” हॉटेलातली परकी माणसंसुद्धा पोट धरून हसली म्हणे. पुढच्या वर्षी जो सर्वांत जास्त चालेल त्याला हीच शाल फिरत्या ढालीसारखी मिळणार, असंही त्यानं जाहीर केलं.

घरी आल्यावर तिनं मला शाल दाखवली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, “त्याच्या तोंडावर का नाही मारलीस?”

“शाल चांगली आहे काकू. ऊबदार आहे.”

“राग नाही आला?”

“आला ना,” ती म्हणाली. “पण चालायचं ते मी चालणारच आहे.”

आणि ती खरंच चालत राहिली. बदलले ते दुसरेच दोघं. पुढच्या जूनपासून साईचं चालणं बंद झालं. आणि सौमित्र? तो आधीही क्वचितच चालायचा, पण चालायचा. आता अजिबात नाही. अपेक्षाच्या हे लक्षात आलं होतं. एका रविवारी रात्री जेवताना म्हणाली, “काकू, त्या शालीला मी सोडून सगळे घाबरतात.” मी हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

ऑगस्टातल्या त्या रविवारी मी तिथे नव्हते. पण नंतरच्या आठवड्यांत अपेक्षानं मला ते तुकड्यातुकड्यांनी इतक्या वेळा सांगितलं, की आता तो ओढा मी स्वतः पाहिल्यासारखा डोळ्यांसमोर दिसतो.

त्याला नाव नाही. गावकरी नुसतं ओहोळ म्हणतात. वरच्या अंगाला उतार बेताचा, मग दोन मोठ्या खडकांमधून पाणी घुसतं आणि उजवीकडे वळतं. त्या वळणावर मागच्या पावसाळ्यात एक उंबर मुळासकट कोसळून प्रवाहात आडवा पडला होता. काठावर गुरं चारणारे दत्तोबा नावाचे म्हातारे भेटले. साईनं त्यांना विचारलं, हे झाड कुणी काढलं कसं नाही?

“उंबर हाय त्यो,” दत्तोबा म्हणाले. “त्येला कोयता लावत न्हाई आमच्याकडं कुनी. दत्ताचं झाड. कुजंल आपसूक.”

तिघांनी काठावरून झाड पाहिलं. लपलेलं काहीच नव्हतं. फांद्यांमधून पाणी फेसाळत जात होतं. डाव्या खडकाला घासून, अगदी नेमक्या जागी होडी वळवली तर झाड चुकवून पलीकडे निघायला एक चिंचोळी वाट होती. वळण चुकलं तर सरळ झाडावर.

“मी चालते,” अपेक्षा म्हणाली. मग तिनं कधी नव्हे ते पुढचंही म्हटलं, “आज सगळेच चालू या.”

सौमित्रनं शाल झटकून घडी घातल्याचा अभिनय केला. “म्हणजे यंदाही मानकरी तूच. निवडणूक बिनविरोध.” साई हसला. साईला आधी सौमित्र जाऊ दे, मग आपण ठरवू, असं वाटत होतं. तो वर आपल्या होडीपाशी जाऊन बसला.

अपेक्षा होडी खांद्यावर घेऊन खाली गेली. होडी ठेवली, दोराची पिशवी काढली आणि झाडाच्या थोडं खाली, दोर पोचेल अशा खडकावर उभी राहिली. तिथून तिनं दोन्ही हातांनी वल्हं डोक्यावर आडवं धरलं. त्याचा अर्थ एकच: थांब, येऊ नकोस. सौमित्रनं ते पाहिलं. तो होडीत बसला होता. रबरी झगा नीट लागलेला असताना त्यानं तो काढला आणि पुन्हा लावला. परत काढला, परत लावला. मग वल्हं मारलं.

वळण थोडक्यात चुकलं. होडी आडवी होऊन झाडावर गेली. शिकवलं होतं तसंच त्यानं केलं, झाडाकडे झुकला, फांदीला मिठी मारली. फांदी वर्षभर पाण्यात होती. ती हातातच तुटून आली. होडी उलटली. तो झग्यातून सुटून बाहेर आला आणि फांद्यांमध्ये त्याचं डोकं वर आलं. अपेक्षानं दोर फेकला. पार्किंगमधल्या सरावाला शोभेल असा, नेमका त्याच्या दंडावर पडला. त्यानं तो पकडला. साई धावत आला. दोघांनी दगडाला पाय लावून जीव खाऊन ओढलं. पण त्याचा पाय खाली फांदीच्या बेचक्यात अडकला होता आणि वरून अख्खा ओढा त्याला दाबत होता. तो तिच्याकडे बघत होता, असं ती सांगते. दोर हाताला जड लागत होता. मग एकदम हलका झाला.

गावातून माणसं आली. पाणी ओसरेपर्यंत कुणाला आत उतरता येईना. शेवटी दत्तोबांनीच उंबराला हात जोडले, कपाळ टेकवलं आणि कोयता चालवला. फांदी तोडल्यावर सौमित्र निघाला. ज्या झाडाला वर्षभर कुणी हात लावला नव्हता ते त्या दिवशी बुंध्यापर्यंत तोडलं गेलं. अपेक्षा ते सगळं उभं राहून बघत होती. तिला कुणी बसवेना आणि ती आपणहून बसेना.

पोलिसांना साईनं सांगितलं: पाणी अचानक वाढलं, वळणापलीकडचं झाड आम्हाला कुणालाच दिसलं नाही. तो वाईट मुलगा नाही. “दिसलं होतं आणि तरी गेला, असं त्याच्या आईवडिलांना कोणत्या तोंडानं सांगू?” म्हणून तो रडला आणि अपेक्षानं मान हलवली. पंचनामा तसाच झाला, पेपरातही तसंच आलं.

पण खोट्याला शिवण घातली की दुसरीकडे उसवतं. झाड कुणालाच दिसलं नाही, तर ही मुलगी दोर घेऊन नेमकी त्या झाडाखाली कशी उभी? ती एकटीच चालत का गेली? आधी कंपनीत कुजबुज झाली. मग सौमित्रच्या तेराव्याला त्याच्या एका आत्यानं सगळ्यांसमोर तिला विचारलं, “तुम्हाला दिसलं होतं ना? स्वतःपुरतं बघितलंत ना?” ती तोंडाला कुलूप लावून घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. यवतमाळहून तिच्या आईचा फोन आला तेव्हा मी दाराशी होते. “आई, मले काही नाही झालं वं. मी काठावरच होती,” असं म्हणाली. मग कितीतरी वेळ नुसता फोन कानाला लावून बसली.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “खरं सांगून टाक. तू खूण केलीस, तोंडानं सांगितलंस, दोर अचूक फेकलास. तुझ्या नावाला काळं कशासाठी?”

“मग त्याच्या बाबांजवळ काय उरेल, काकू?” ती म्हणाली. “आता निदान सगळा दोष झाडाचा आहे.”

ती ऑफिसला जायची, यायची, चार घास खायची. दोराची पिशवी मात्र तिनं परत हातात घेतली नाही. रात्री तिच्या खोलीतला दिवा जळत असायचा आणि मी इकडे जागी असायचे. मला त्या मेलेल्या मुलाचा राग यायचा. मग मेलेल्या माणसाचा राग येतो म्हणून स्वतःचीच लाज वाटायची.

दसऱ्याच्या आसपास एका दुपारी बेल वाजली. दारात सौमित्रचे वडील, श्यामराव खांबेटे. इस्त्रीचा शर्ट, पायांत वहाणा, हातात छत्री. मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं, पण जिवणी तीच होती.

“आपल्याला त्रास देतो आहे,” ते म्हणाले. “अपेक्षाताई आहेत का?”

ती बाहेर आली आणि त्यांना पाहून जागीच थिजली. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहिले. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, कान आपोआप तिकडे गेले.

“मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो,” श्यामराव सांगू लागले. “आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. साईनं जे सांगितलं ते मी मनात पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात एक चूक आहे. झाड दिसलं नव्हतं, तर तुम्ही तिथे उभ्या कशा होतात?”

अपेक्षानं मान खाली घातली.

“लोक जे म्हणतात ते मी म्हणत नाही. आमच्या बहिणीनं तुम्हाला जे विचारलं त्याबद्दल मी माफी मागतो. पण मला खरं हवं आहे. त्याची आई आहे तिकडे, तिला काय सांगायचं ते मी ठरवीन. मला तरी सांगा.”

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तशीच बाहेर आले. आता हिनं सांगितलं नाही तर आपण सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण तिनंच मान वर केली.

“दिसलं होतं, काका. तिघांनाही.”

“आणि तुम्ही त्याला सांगितलंत?”

“सांगितलं. सगळेच चालू या म्हटलं. खालून वल्ह्यानं खूणही केली. त्यानं पाहिली.”

“मग तो का गेला?”

ती अडखळत म्हणाली, “आमच्यात एक थट्टा होती. जो सगळ्यांत जास्त चालेल त्याला शाल. मागच्या वर्षी मला...”

“ठाऊक आहे,” श्यामराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका सपाट झाला की लाइन गेली की काय, असं मला वाटलं. “मानपत्र त्यानं माझ्याकडूनच लिहून घेतलं होतं. बांधांची पायी पाहणी, तालुक्याचा भूगोल, ती वाक्यं माझी. आम्ही दोघं जेवायच्या टेबलाशी बसून फार हसलो होतो. त्याची आई म्हणाली, पुरे करा, पोरीला वाईट वाटेल. मी म्हटलं, पुण्यात राहायचं तर तेवढं सोसायला हवं.”

मला त्यांना काहीतरी लागट बोलायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि ते गिळलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि छत्री दोन्ही हातांनी गच्च धरली होती.

“वाईट वाटलं होतं का तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“वाटलं होतं,” अपेक्षा म्हणाली. “पण मला चालता येत होतं. त्याला येईना.”

मग तिनं जे सांगितलं ते मलाही तोवर माहीत नव्हतं. इतक्या आठवड्यांत तिनं ते मलासुद्धा सांगितलं नव्हतं.

“काका, साई वर होडीपाशी गेला तेव्हा सौमित्र माझ्याजवळ आला होता. हळूच म्हणाला, दोर घेऊन झाडाच्या खाली थांबशील का? मला भीती वाटते आहे.”

श्यामराव पुढे झुकले.

“मी म्हटलं, मग चल ना माझ्याबरोबर. दोघं जाऊ. साईला मी सांगते, माझा पाय मुरगळला म्हणून तू सोबत आलास. तर तो...” तिचा आवाज फुटला. सौमित्र गेल्यापासून ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडत होती. “तर तो म्हणाला, आता कसं येऊ?”

खाली चेअरमन कुणावर तरी ओरडत होते. मी अपेक्षाच्या खांद्यावर हात ठेवला, मला दुसरं काही करता येत नव्हतं.

“कसं म्हणाला?” श्यामरावांनी विचारलं.

“आता कसं येऊ, असं.”

“हसून म्हणाला?”

“नाही, काका. हसला नाही.”

त्यांनी छत्री जमिनीवर ठेवली आणि खुर्ची तिच्या जवळ ओढली.

“परत एकदा सांगा,” ते म्हणाले.

तिनं डोळे पुसले आणि परत सांगितलं.